ताळेबंद आणि टाळेबंदी

व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या संस्थांत ‘निरमा विरुद्ध हिंदुस्थान लिव्हर’ हे प्रकरण कित्येक वर्षे आवर्जून शिकविले जाते. अहमदाबादच्या एका सामान्य नोकरदाराने कपडे धुण्याच्या स्वस्त पावडरीच्या जोरावर एका बलाढ्य परदेशी कंपनीला कसे जेरीस आणले, त्या कंपनीत किमतीच्या धोरणावरून कसा पेच निर्माण झाला आणि अखेर कंपनीने स्वतःची स्वस्त पावडर काढून हातची गेलेली बाजारपेठ कशी परत मिळविली, असा या कथेचा घाट असतो. कथा खरी आहे आणि बोधप्रदही आहे. मात्र ती सांगताना तिच्यातील एक प्रकरण हटकून गाळले जाते. ते प्रकरण घडले मुंबईत, परळ-लालबागचा पूर्वेकडचा शेजार असलेल्या शिवडीत. किंमत काय ठेवावी याची चर्चा बॅकबे रेक्लमेशनवरील हिंदुस्थान लिव्हरच्या मुख्य कार्यालयात झाली. त्या किमतीचा अर्थ काय, हे तेथून दहा-एक किलोमीटरवर असलेल्या शिवडीच्या कारखान्यात कळले. कामगार चळवळीत काम करणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून समजून घेतले पाहिजे. कारण जुने नाव व जुनी छाप गेली तरी त्यातील व्यवहार आजही चालूच आहे.

शिवडीचा हा कारखाना मुंबईच्या औद्योगिक इतिहासातील एक जुना कारखाना. लिव्हर ब्रदर्सची भारतीय कंपनी १९३३ मध्ये स्थापन झाली आणि १९३४ मध्ये शिवडीला साबण तयार होऊ लागला. १९५६ मध्ये तीन कंपन्या एकत्र करून ‘हिंदुस्थान लिव्हर’ उभी राहिली. कपडे धुण्याची ‘सर्फ’ ही पावडर कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणली. तोपर्यंत आपल्याकडे कपडे धुवायचे म्हणजे साबणाची वडी किंवा धुण्याचा सोडा. बादलीत पावडर टाकून कपडे भिजत घालण्याची सवय गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांना प्रथम लागली. चाळीतल्या सामाईक मोरीवर कपडे आपटणाऱ्या गिरणी कामगाराच्या घरी सर्फचा डबा येणे दुर्मिळच होते. कंपनीलाही त्याची खंत नव्हती. कमी खप, जादा दर आणि भरपूर जाहिरात या त्रिसूत्रीवर तिचे उत्तम चालले होते. स्पर्धक जवळजवळ नसलेल्या बाजारात मक्तेदाराने असे वागावे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

या स्थितीला १९६९ मध्ये तडा गेला. गुजरात सरकारच्या भूविज्ञान व खनिकर्म खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी मिश्रण करून एक पिवळी पावडर तयार केली, तिला आपल्या मुलीच्या नावावरून ‘निरमा’ हे नाव दिले आणि सायकलवरून दारोदार ती विकली. दर किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास. सर्फचा दर त्याच्या तीन-चार पट. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमाने खपात सर्फला मागे टाकले होते.

बॅकबेतील पेच

या आक्रमणाकडे हिंदुस्थान लिव्हरने प्रथम दुर्लक्ष केले, ही गोष्ट आता कंपनीचे प्रशंसकही मान्य करतात. निरमा घेणारा माणूस आपला ग्राहकच नव्हे, तो वडीवरून पावडरीकडे वळला आहे, आज ना उद्या त्याची ऐपत वाढेल व तो सर्फकडे येईल, असा हा विचार होता. त्याला प्रतिष्ठेचीही किनार होती. निरमाच्या तोडीचा माल काढणे म्हणजे आपणच आपली पायरी सोडणे, असे ज्यांनी आयुष्यभर उत्तम मालाची जाहिरात केली त्यांना वाटणे स्वाभाविक होते. शिवाय एक व्यावहारिक भीती होती. आपल्याच घरातून स्वस्त पावडर निघाली तर ती निरमाचा खप खाण्याआधी सर्फचाच खप खाईल.

याच्या उलट दिशेने जाणारा विचारही तितकाच सरळ होता. बाजार वाढतो आहे तो तळाशी. तेथे आपण नसलो, तर उद्या वरच्या थरातही राहणार नाही. पण या विचाराला खर्चाचे आकडे आडवे येत होते. सर्फसाठी लागणारे फवारणीच्या मनोऱ्याचे यंत्र भारी भांडवलाचे; कंपनीचा कार्यालयीन पसारा मोठा; उत्पादन शुल्क पूर्ण भरावे लागे; आणि शिवडीसारख्या कारखान्यांत संघटित कामगारांनी दीर्घ लढ्यांतून मिळविलेले वेतन, महागाई भत्ता व सवलती होत्या. या सर्व खर्चावर नफा चढवून जी किंमत येई, ती निरमाच्या जवळपासही पोहोचत नव्हती.

पहिला उतारा जाहिरातीचा झाला. लिंटास या जाहिरात संस्थेतील ॲलेक पदमसी यांनी ‘ललिताजी’ ही गृहिणी निर्माण केली. कविता चौधरी यांनी रंगविलेली ही करारी बाई दूरदर्शनच्या पडद्यावरून सांगू लागली की, स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. जाहिरात गाजली आणि दादर-गिरगावच्या घरांत सर्फचे स्थान काहीसे सावरले. ज्या घरात महिन्याचा पगार दहा तारखेपर्यंतच पुरतो, त्या घराला मात्र हा उपदेश निरुपयोगी होता. हिशेबीपणात लालबागची गृहिणी ललिताजींना हार जाणारी नव्हती. तिच्या हिशेबातच सर्फ बसत नव्हता.

मग कंपनीने आपला पवित्रा बदलला. निरमाची वाढ रोखण्यासाठी एक स्वतंत्र मोहीम आखली गेली आणि १९८७ च्या सुमारास ‘व्हील’ ही स्वस्त पावडर बाजारात उतरली. या मोहिमेचे खरे वैशिष्ट्य पावडरीत नसून हिशेबाच्या पद्धतीत होते. आजवर खर्च मोजून किंमत ठरे. आता बाजाराने दिलेली किंमत गृहीत धरून खर्च ठरवायचा होता. व्यवस्थापनशास्त्र याला दृष्टिकोनातील क्रांती म्हणते. खर्च किमतीत बसवायचा, तर कोणता खर्च कापायचा? कच्च्या मालाचे भाव बाहेर ठरतात. जाहिरात कापली तर छाप मरते. उरतो तो उत्पादनाचा खर्च, म्हणजे मुख्यतः वस्तू कोठे, कोणाच्या हातून आणि कोणत्या अटींवर तयार होते हा प्रश्न.

स्वस्ताई कोठून आली?

येथे निरमाकडेही भाबडेपणाने पाहून चालणार नाही. परदेशी मक्तेदाराला देशी लघुउद्योजकाने नमविले म्हणून आपल्यापैकी अनेकांना तेव्हा आनंद झाला होता आणि त्यात काही गैर नव्हते. मक्तेदारीची किंमत किती फुगलेली असते, याचे इतके ढळढळीत प्रात्यक्षिक क्वचितच मिळते. परंतु निरमाच्या स्वल्प किमतीचे पृथक्करण केले तर तिचे तीन घटक दिसतात.

पहिला घटक खरा काटकसरीचा. सुवास नाही, शुभ्रकारक द्रव्ये नाहीत, डबा नाही, महाग यंत्रे नाहीत. कोरडे मिश्रण करून पिशवीत भरायचे. ही बचत निखळ होती आणि तिचे श्रेय करसनभाईंना दिलेच पाहिजे. तिलाही एक काळी बाजू होती. सोड्याचे प्रमाण अधिक असलेल्या या पावडरीने हात चरचरत, आणि ते हात बहुधा चार घरची धुणी धुणाऱ्या बाईचे असत. दुसरा घटक करसवलतीचा. विजेच्या यंत्रांविना हाताने केलेल्या उत्पादनाला उत्पादन शुल्कात माफी होती. तिसरा घटक मजुरीचा. असंघटित, बहुतांशी कंत्राटी मजुरांच्या हातून ही पावडर तयार होई. त्यांच्या वेतनाची तुलना शिवडीच्या कामगाराच्या वेतनाशी होऊच शकत नव्हती.

या तिन्हींपैकी केवळ पहिल्या घटकामुळे समाजाची काही बचत झाली. दुसऱ्या घटकात सरकारी तिजोरीने आणि तिसऱ्यात मजुराने ग्राहकाच्या वतीने पैसे भरले. वस्तू स्वस्त झाली असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा एवढेच झालेले असते की, किमतीचा एक भाग चिठ्ठीवरून पुसून दुसऱ्याच्या खाती टाकलेला असतो.

समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्यांनी या ठिकाणी स्वतःच्या धोरणाचाही विचार करायला हवा. लघुउद्योगांना संरक्षण हा आपल्या कार्यक्रमाचा जुना भाग. जनता सरकारच्या काळात जॉर्ज फर्नांडिस यांच्या उद्योगधोरणाने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची संख्या १८० वरून ५०४ वर नेली, त्यामागची भूमिका रोजगाराची व विकेंद्रीकरणाची होती. ती भूमिका आजही योग्य आहे. परंतु देशातील एकंदर करसवलतींच्या रचनेत सवलत मिळाली ती उत्पादनाच्या आकाराला. तेथे राबणाऱ्या माणसाच्या वेतनाची अट तिला जोडली गेली नाही. परिणामी लहानपण हा कमी मजुरीचा परवाना ठरला, आणि मोठ्या कंपन्यांनी तो परवाना भाड्याने घेण्यास फार वेळ लावला नाही.

व्हीलच्या बाबतीत नेमके हेच दिसते. ही पावडर शिवडीच्या जुन्या चौकटीत काढायची नाही, हे उघड होते. पंजाबातील राजपुऱ्याची स्टेपन केमिकल्स ही कंपनी ताब्यात घेण्यात आली; ठिकठिकाणच्या इतर उत्पादकांकडून माल करवून घेण्याची पद्धत वाढली; पुढे मागास भागांतील सवलतींचा लाभ घेत नवे कारखाने उभे राहिले. प्रतिस्पर्ध्याचा पराभव करण्यासाठी कंपनीने त्याचीच उत्पादनपद्धती उचलली, आणि त्या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग होता मजुरीचा.

२००२ मध्ये सी. के. प्रल्हाद आणि स्टुअर्ट हार्ट या दोन व्यवस्थापनतज्ज्ञांनी गरिबांच्या बाजारपेठेतही भरपूर नफा आहे हे सिद्ध करण्यासाठी याच उदाहरणाचा आधार घेतला. त्यांनी १९९९ चे आकडे दिले आहेत. विक्रीवरील ढोबळ नफा सर्फसारख्या महाग मालावर शेकडा २५, तर व्हील व निरमावर शेकडा १८. यात नवल नाही. पण गुंतविलेल्या भांडवलावरचा परतावा पाहावा : महाग मालावर शेकडा २२, व्हीलवर ९३ आणि निरमावर १२१! ग्रामीण भागातील विपुल मनुष्यबळाचा उपयोग करून घेण्यासाठी उत्पादन व वितरण विकेंद्रित करण्यात आले, असे हे लेखकद्वयच कौतुकाने नमूद करते.

या आकड्यांचा अर्थ साध्या भाषेत असा. स्वस्त पावडरीच्या प्रत्येक रुपयाच्या विक्रीत कंपनीला महाग पावडरीपेक्षा कमी मिळते; तरीही भांडवलावर चौपट मिळते, कारण तिने स्वतःचे भांडवल जवळजवळ घातलेलेच नसते. छप्पर दुसऱ्याचे, यंत्र दुसऱ्याचे, आणि कामगारही दुसऱ्याचा. त्याचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, आजारपणाची रजा, अपघाताची भरपाई यांपैकी काहीच कंपनीच्या ताळेबंदात येत नाही. उरते ती छाप व वितरणाची साखळी. गरिबांना स्वस्त वस्तू देण्यासाठी कंपनीने नफ्यावर पाणी सोडले, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी शेकडा ९३ हा आकडा लक्षात ठेवावा.

शिवडीची टाळेबंदी

या पार्श्वभूमीवर १९८८-८९ ची शिवडीतील टाळेबंदी पाहिली पाहिजे. ती सुमारे वर्षभर चालली. तंट्याच्या तात्कालिक कारणांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही, आणि व्हीलमुळेच टाळेबंदी झाली असे म्हणणे हा अतिरेक होईल. मुद्दा निराळा आहे. एखादी कंपनी वर्षभर आपला जुना, महत्त्वाचा कारखाना बंद ठेवू शकते, याचा अर्थ तो कारखाना तिला पूर्वीइतका अपरिहार्य राहिलेला नाही. उत्पादनाला इतर वाटा फुटल्या की टाळे लावण्याचे धैर्य येते. ज्या कामगाराचा संप एके काळी कंपनीचा श्वास रोखू शकत होता, त्याच्याच दाराला आता कंपनी स्वतःहून कुलूप लावीत होती.

परळ-लालबागच्या लोकांना हा अनुभव नवा नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणले जातच होते. तेथेही करसवलत होती, तेथेही मजुरी कमी होती, आणि तेथले कापडही ‘लघुउद्योगाचे’ म्हणूनच गौरविले जात होते. गिरणी आणि यंत्रमाग, सर्फ आणि निरमा, शिवडी आणि राजपुरा : वस्तू निराळ्या, व्यवहार एकच. संघटित कामगाराची मजुरी हा ‘खर्च’ आणि असंघटिताची मजुरी ही ‘स्पर्धाशक्ती’ असे समीकरण या दशकात पक्के झाले.

तथापि शिवडीच्या कामगारांनी या लढ्यात एक असे काम केले की ज्याची नोंद व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत व्हायला हवी होती. टाळेबंदीच्या काळात त्यांनी स्वतःच कपडे धुण्याची पावडर तयार केली आणि ती ‘लॉकआउट’ या नावाने विकली. ज्यांना फाटकाबाहेर काढले होते, त्यांनी मालकाच्याच बाजारात आपला माल आणला.

या घटनेचे मोल ठरविताना दोन्ही बाजूंनी संयम हवा. असा उपक्रम वर्षानुवर्षे चालून हिंदुस्थान लिव्हरशी स्पर्धा करील, अशी कल्पना कोणी केली नसेल. त्यामागे चळवळीचे बळ असते. त्यातले श्रम बाजारभावाने मोजलेले नसतात. म्हणून ‘लॉकआउट’ हा पर्यायी अर्थव्यवस्थेचा नमुना होता असे म्हणता येणार नाही. पण तो एक जाहीर हिशेब निश्चित होता. पावडर तयार करण्याची विद्या बॅकबेच्या कार्यालयात नसून यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात आहे, आणि दुकानातल्या किमतीचा बराचसा भाग पावडरीचा नसून छापेचा असतो, या दोन गोष्टी त्या साध्या पिशवीने गृहिणीपर्यंत पोहोचविल्या. किंमत हा मालकाच्या दालनातला गुप्त विषय मानला जातो. कामगारांनी तो मोरीवर आणला.

पुढचा रस्ता

पुढील घटना त्याच क्रमाने घडत गेल्या. मक्तेदारी नियंत्रण कायद्यातील विलीनीकरणावरील पूर्वपरवानगीचे बंधन १९९१ मध्ये उठले. त्यानंतर १९९३ मध्ये टाटा ऑइल मिल्स ही जुनी देशी कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याची योजना पुढे आली. तिला आव्हान देणाऱ्यांत हिंदुस्थान लिव्हरच्याच कामगारांची संघटना होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हे आव्हान फेटाळले. विलीनीकरणाने किमती व रोजगार यांचे काय होईल, हा प्रश्न भागधारकांनी वा सरकारने विचारायचा. तो विचारण्यासाठी न्यायालयाची पायरी चढली ती कामगारांची संघटना, ही गोष्ट बोलकी आहे.

२००४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियल व टाइडचे दर एकाएकी उतरविले आणि हिंदुस्थान लिव्हरलाही आपले दर खाली आणावे लागले. त्या वर्षी कंपनीचा नफा घसरला. २००६ मध्ये शिवडीचा कारखाना ‘बॉन लिमिटेड’ या कंपनीकडे सोपविण्यात आला आणि २००७ मध्ये तो बंद झाला. हे हस्तांतर म्हणजे कारखाना बंद करण्याची आडवाट आहे, असा कामगार संघटनेचा आरोप होता. अन्न उद्योगातील कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हे गाऱ्हाणे थेट ब्रिटनमधील यंत्रणेपुढे नेले. शिवडीच्या कामगारांनी या वेळीही ‘लॉकआउट’ हे आपले जुने नाव पुन्हा बाहेर काढले. त्याच वर्षी कंपनीचे नाव बदलून हिंदुस्थान युनिलिव्हर झाले. काही वर्षांत तिचे मुख्य कार्यालयही बॅकबे सोडून अंधेरीला गेले. किंमत ठरविणारे आणि किंमत चुकविणारे यांच्यातले ते दहा-एक किलोमीटरचे अंतर नाहीसे झाले, कारण त्याची दोन्ही टोके उठून गेली.

गृहिणी आणि कामगार

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. शिवडीच्या काही हजार कामगारांचे वेतन टिकावे म्हणून कोट्यवधी गरीब गृहिणींनी महाग पावडर घ्यावी काय? संघटित कामगार हा तुलनेने सुस्थित. त्याच्या हितासाठी त्याच्याहून गरीब असलेल्या ग्राहकावर बोजा का टाकावा?

प्रश्न बिनतोड वाटतो, कारण त्यात दोनच पक्ष कल्पिले आहेत. तिसरा पक्ष, म्हणजे भांडवलावर शेकडा ९३ परतावा घेणारा, चित्रातून वगळला आहे. शिवडीच्या कामगाराचे काम गेले ते लहान कारखान्यातील मजुराला तेच वेतन घेऊन मिळाले असते, किंवा सगळी बचत ग्राहकाच्या पदरी पडली असती, तर आक्षेपाला काही अर्थ राहिला असता. प्रत्यक्षात काम गेले आणि वेतन वाटेत गळाले. त्यातला काही भाग ग्राहकाला मिळाला हे मान्य करायला हवे. उरलेला कोठे गेला ते वरील आकडे सांगतात.

शिवाय ही गृहिणी आणि हा कामगार या दोन वेगळ्या जाती नव्हेत. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली आणि मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या मोर्चातली कामगारवस्तीतली बाई ही कोणा गिरणी कामगाराची वा कारखान्यातील मजुराची बायको, बहीण, आई होती. तिने वस्तूचा दर विचारला तेव्हा तो दर तिच्या घरच्या पगाराशी लावूनच विचारला. आपल्या चळवळीची चूक ही की, पुढे महागाईविरोधी आघाडी एकीकडे राहिली व वेतनाची लढाई दुसरीकडे. गृहिणीने स्वस्ताईचे स्वागत करायचे, कामगाराने कारखाना वाचवायचा, आणि दोघे एकाच खोलीत राहत असूनही एकमेकांचा हिशेब कोणी एकमेकांसमोर मांडायचा नाही. मालकाला यापेक्षा सोयीची गोष्ट कोणती?

आज काय करावे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी पूर्वी १०० कामगारांच्या आस्थापनेला लागे; आता ही मर्यादा ३०० झाली आहे. कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी २० ऐवजी ५० कामगारांपासून लागू होतील. म्हणजे दुसऱ्याच्या छपराखाली माल करवून घेण्याची जी युक्ती १९८० च्या दशकात हळूहळू रुजली, तिला आता कायद्याने राजमार्ग मोकळा करून दिला आहे. हा बदल ‘स्पर्धाशक्ती’च्या नावाने समर्थिला जात आहे. स्पर्धा कशात, हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे. अधिक चांगली पावडर कमी सोड्यात तयार करण्यात स्पर्धा असेल तर तिचे स्वागतच करावे. मजुराची रजा, निधी व उपदान कोण अधिक कापतो यातली चढाओढ समाजाच्या हिताची नाही. ती कायद्याने रोखलीच पाहिजे.

तेव्हा तीन मागण्या आपल्या कार्यक्रमात स्पष्टपणे यायला हव्यात. एक, ज्या छापेखाली वस्तू विकली जाते त्या छापेचा मालक हाच त्या वस्तूच्या प्रत्येक कामगाराच्या किमान वेतनाला व सामाजिक सुरक्षेला जबाबदार मानला जावा, मग छप्पर कोणाचेही असो. दोन, लघुउद्योगाची वा मागास भागाची कोणतीही सवलत वेतनाच्या अटीशी बांधलेली असावी. सवलत हातांच्या संख्येला मिळावी, हात स्वस्त असण्याला नव्हे. तीन, नित्योपयोगी वस्तूंच्या मोठ्या उत्पादकांनी किमतीतील कच्चा माल, मजुरी, जाहिरात व नफा यांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करावे. औद्योगिक खर्च व किंमत पाहण्यासाठी १९७० मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र यंत्रणा निर्माण केली होती. तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य वाटली नव्हती, तर आज संगणकाच्या काळात ती अव्यवहार्य म्हणण्यास आधार नाही.

कायदा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. कामगार संघटनांनी वेतनकराराची बोलणी करताना कंपनी कोणता माल बाहेरून करवून घेते, कोठून व कोणत्या दराने, ही माहिती मागावी आणि त्या बाहेरच्या मजुरांपर्यंत आपले सभासदत्व न्यावे. देशभरच्या युनिलिव्हर कारखान्यांतील संघटनांनी एकत्र येण्याचा प्रयत्न एके काळी केला होता. त्याची पुढची पायरी कंत्राटी मजुराला बरोबर घेण्याची होती आणि ती आजही बाकी आहे. महिला आघाडीने वस्तूच्या किमतीबरोबर तिच्या मजुरीचाही प्रश्न हाती घ्यावा. वस्तीतल्या ग्राहक भांडारात ही माहिती फळ्यावर लिहून लावण्याइतके साधे काम कोणतीही शाखा करू शकते.

परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांतील घरांत धुण्याची यंत्रे आहेत. त्या यंत्रांत टाकायची पावडर कोठे तयार होते, कोण तयार करते आणि त्याला काय मिळते, हे पिशवीवर छापलेले नसते. तेवढा मजकूर छापून घेण्याची लढाई अजून लढायची आहे.